पृथ्वी सापडेना!

जुन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी १९८४ ते २०१८ अशी चौतीस वर्षं विज्ञान आणि भूगोल शिकवला. मध्येच कधीतरी पगारातून शिल्लक टाकून सहा इंची दुर्बीण घेतली, आणि तेव्हापासून अमावास्येच्या आसपासचे शनिवार माझे राहिले नाहीत. कधी शाळेची गच्ची, कधी द्राक्षबागेलगतचा माळ, कधी सप्ताहाचा मांडव उतरल्यावर देवळापुढचं पटांगण. निवृत्तीनंतरही फोन येतात, "बाई, दुर्बीण घेऊन येता का?"

दुर्बिणीचं फारसं सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखं आहे ते शब्दांचं. ग्रह, नक्षत्र, उल्का, प्रकाशवर्ष हे शब्द मी पोरांकडून व्याख्येसकट घोकून घेतले, पैकीच्या पैकी गुण दिले, आणि उघड्या आकाशाखाली उभं राहिल्यावर त्यातल्याच एकेका शब्दानं मला तोंडघशी पाडलं. त्यातलं जे आठवतं ते लिहिते आहे.

१. परिवलन आणि परिभ्रमण पायांनी शिकवावं

सहामाहीत दरवर्षी अर्धा वर्ग या दोन शब्दांची अदलाबदल करायचा. स्वतःभोवती फिरणं ते परिवलन, दुसऱ्याभोवती फिरणं ते परिभ्रमण. दोन्हींच्या आधी 'परि', पोरांनी तरी काय करावं? सुरुवातीला मी खळ्याचा दाखला द्यायचे. बैल तिवड्याभोवती, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, फिरतात ते परिभ्रमण, भोवरा जागच्या जागी गरगरतो ते परिवलन. पुढे मळणीयंत्रं आली, तिवडा म्हणजे काय हेच आधी शिकवावं लागायला लागलं, आणि दाखला सोडून दिला.

खरी पंचाईत चंद्राची. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते ना? म्हणजे तो स्वतःभोवती फिरतच नाही." मी पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवलं: चंद्राच्या परिवलनाला आणि परिभ्रमणाला सारखाच काळ लागतो, सत्तावीस दिवस आणि पावणेआठ तास. तिचा चेहरा होता तसाच राहिला. वाक्य बरोबर होतं, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

मग तिला मैदानावर नेलं. मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, माझ्या तोंडाकडे बघत माझ्याभोवती एक फेरी मार, आणि माझ्या पाठीमागं काय दिसतं ते मोठ्यानं सांगत जा. ती आडवी पावलं टाकत निघाली. "बाई आणि शाळा." थोडी सरकली. "बाई आणि बोअरवेल." मग "बाई आणि शिवनेरी", मग "बाई आणि चिंच". पुन्हा शाळा आली तेव्हा ती थबकली. "अय्या, मी फिरले की!" चारी दिशांना तिचं तोंड होऊन गेलं होतं, म्हणजे एक गिरकी पुरी झाली होती. फक्त ती गिरकी फेरीइतकीच सावकाश होती, म्हणून मला तिची पाठ एकदाही दिसली नाही.

चंद्राच्या त्या न दिसणाऱ्या बाजूला 'अंधारी बाजू' म्हणायची खोडही तेव्हाच गेली. आपल्याकडे अमावास्या असते तेव्हा तिकडे लख्ख ऊन पडलेलं असतं.

२. मृग जूनमध्ये लागतो आणि जानेवारीत दिसतो

एका जानेवारीत माळावर मी मृग दाखवत होते. चार कोपऱ्यांना चार तारे, मध्ये ओळीनं तीन, तोच मृगाच्या पोटात घुसलेला बाण, आणि त्या रेषेत खाली गेलं की ढळढळीत व्याध. मागून एक आजोबा म्हणाले, "बाई, मिरीग तर पावसाचा. ह्यो थंडीत काय करतोय?"

मी म्हणाले, "ते वेगळं, हे वेगळं." आयुष्यात दिलेल्या वाईट उत्तरांत याचा नंबर बराच वर लागेल. कारण ते मुळीच वेगळं नाही.

सात-आठ जूनला मृग लागतो म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात येतो. सूर्य ज्या ताऱ्यांच्या घोळक्यात असतो ते तारे त्याच्याबरोबरच उगवतात, त्याच्याबरोबरच मावळतात, म्हणून तेव्हा ते दिसण्याचा प्रश्नच नाही. पृथ्वी अर्धी फेरी मारून पलीकडे गेली की तेच तारे रात्रीच्या आकाशात येतात. पेरणी ज्याच्या नावानं होते तो मृग दिसतो थेट हुरड्याच्या दिवसांत.

सूर्य वर्षभरात आकाशातून ज्या वाटेनं सरकताना दिसतो ती वाट म्हणजे आयनिकवृत्त. तिचे सत्तावीस भाग पाडले, एकेक भाग १३ अंश २० कलांचा, ती पंचांगातली नक्षत्रं. सूर्याला एक भाग ओलांडायला तेरा-चौदा दिवस लागतात, म्हणून पावसाची नक्षत्रं पंधरवड्या-पंधरवड्यानं बदलतात: रोहिणी, मृग, आर्द्रा, मग तरणा पाऊस म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य. चंद्राची चाल चपळ. तो साधारण रोज एक नक्षत्र ओलांडतो. पौर्णिमेचा चंद्र ज्याच्या आसपास असतो त्याचं नाव महिन्याला: चित्रेवरून चैत्र, कृत्तिकेवरून कार्तिक, मृगशीर्षावरून मार्गशीर्ष. आजोबांना हे सगळं निम्मंअधिक माहीत होतं. त्यांना फक्त दोन टोकं जोडून हवी होती आणि ती मला जोडता आली नाहीत.

तारकासमूह हा शब्द मात्र निराळा. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं सगळ्या आकाशाचे ८८ तुकडे करून त्यांच्या हद्दी आखून दिल्या आहेत. गावात मी सांगते, तारकासमूह म्हणजे आकाशाचा गट नंबर. कोणताही तारा कोणत्या ना कोणत्या गटात असतोच, बेवारस कोणी नाही. मृग या नावाचा गटही आहे आणि मृगशीर्ष हे नक्षत्रही. नक्षत्राचे तारे म्हणजे त्या मृगाच्या डोक्याशी दाटीनं बसलेले तीन मंद ठिपके.

यंदा नक्षत्राचं वाहन कोल्हा आहे की बेडूक, हे मात्र मला विचारू नये. ते दुर्बिणीतून दिसत नाही.

३. सूर्यमाला कागदावर मावत नाही

पुस्तकात सूर्यमालेची आकृती असते. डाव्या कडेला सूर्याची कोर, तिथून उजवीकडे ग्रह ओळीत मांडलेले, वाटाण्यांच्या शेंगेसारखे. कित्येक वर्षं मी ती फळ्यावर काढली, रंगीत खडूनं शनीला कडीही काढली. त्या आकृतीत आकार एका मापानं आणि अंतरं भलत्याच मापानं असतात, हे पोरांना कधी सांगितलं नाही, कारण माझ्याही डोक्यात नव्हतं.

एकदा हिशोब करायला बसले. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर धरायचं. सूर्याचा व्यास जवळपास चौदा लाख किलोमीटर, म्हणजे चौदा सेंटिमीटर. बाजारातून तेवढं पपनस आणलं. पृथ्वी आली सव्वा मिलिमीटर: मोहरीचा बारीक दाणा. शुक्रही मोहरीच. बुध आणि मंगळ खसखस. गुरूला एक लहान बोर, शनीला काबुली चणा, युरेनस-नेपच्यूनला तुरीचे दोन दाणे. सगळं सौरकुटुंब एका वाटीत बसलं आणि वर पपनस.

पपनस शाळेच्या फाटकाशी स्टुलावर ठेवलं. टेप घेऊन पोरं निघाली. बुध सहा मीटरला थोडा कमी, शुक्र अकराच्या जरा अलीकडे, पृथ्वी पंधरा मीटरवर. मोहरी धुळीत दिसेना म्हणून पाटी उलटी ठेवून तिच्यावर ठेवली, आणि पाटीवरच दोन बोटांच्या अंतरावर बारीक रव्याचा एक कण: चंद्र. माणूस आजवर स्वतः जाऊन आला ते एवढंच, दोन बोटं. मंगळ तेवीस मीटरवर गेला. तिथून पुढे पोरांना चालून चालून कंटाळा येईपर्यंत काहीच नाही, कारण गुरू थेट अठ्ठ्याहत्तर मीटरवर. शनी दीडशेला थोडा कमी, युरेनस पार ओढ्याच्या मोरीपाशी, आणि नेपच्यूनचा तुरीचा दाणा घेऊन दोघं साडेचारशे मीटरवर दूध डेअरीच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथून ते हात हलवत होते. पपनस तिथून दिसतं का, असं ओरडून विचारलं. नाही म्हणाले.

तेवढ्यात मागून आरोळी आली, "बाई, पृथ्वी सापडेना!" वाऱ्याच्या झुळकीनं मोहरी पाटीवरून उडाली होती. चौघं पोरं गुडघ्यांवर बसून धूळ चाळत होती. एक म्हणाला, "दुसरी घेऊ ना, वाटीत आहेत की." दुसरा चिडला, "ती कशी चालेल? आपण त्या पहिलीवर होतो."

मी काही बोलले नाही. हसूही आवरलं. दुसरी मोहरी ठेवली.

मग एकानं विचारलं, याच मापानं पुढचा तारा कुठे? सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा, मित्र ताऱ्याच्या कुटुंबातला, सव्वाचार प्रकाशवर्षांवर. आमच्या मापात तो चार हजार किलोमीटरवर गेला. नकाशा काढला, तर तो सिंगापूरच्या आसपास ठेवावा लागणार होता. मधल्या सगळ्या जागेला काय म्हणायचं? अंतराळ हा शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला असं वाटतं. अंतर तर त्या शब्दाच्या तोंडाशीच बसलेलं आहे.

४. नवग्रह आणि नऊ ग्रह एक नव्हेत

२००५ साली पालकांच्या वर्गणीतून शाळेच्या भिंतीवर सूर्यमाला रंगवून घेतली. नऊ ग्रह, शेवटी निळसर प्लूटो. रंग वाळून वर्ष होतंय तोच २४ ऑगस्ट २००६ ला प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या बैठकीत ग्रहाची व्याख्या ठरली. सूर्याभोवती फिरणारा हवा, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं गोल झालेला हवा, आणि आपल्या कक्षेच्या परिसरातली बाकीची अडगळ त्यानं दूर केलेली हवी. तिसऱ्या अटीवर प्लूटो नापास झाला. त्याला आणि त्याच्यासारख्या इतरांना नवा शब्द आला, बटुग्रह. सेरेस, एरिस, हौमिया, माकेमाके हे आणखी बटू.

रंगाऱ्याला बोलावून प्लूटो पुसावा असा विचार होता. पण आठवीतला एक मुलगा म्हणाला, "नापास झाला तरी शाळेतून नाव काढत नाहीत, बाई." प्लूटो राहिला. खाली 'बटुग्रह' एवढं लिहिलं.

त्याच वर्षी सहलीत एका देवळात नवग्रहांच्या शिळा होत्या. पोरांनी मोजायला घेतलं आणि गोंधळ उडाला. यात पृथ्वी नाही. सूर्य आहे, तो तर तारा. चंद्र आहे, तो तर उपग्रह. वर राहू आणि केतू. "बाई, हे चूक आहे ना?" चूक नव्हे, शब्द तोच आणि यादी निराळी. जुन्या यादीत पृथ्वीवर उभं राहून ताऱ्यांमधून सरकताना जे जे दिसतं ते ग्रह. पाय जिच्यावर आहेत ती यादीत कशी येणार? राहू-केतू तर वस्तूच नव्हेत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला दोन ठिकाणी छेदते, ते दोन बिंदू. चंद्राची वाट पाच अंशांनी कललेली आहे म्हणून दर अमावास्येला सूर्यग्रहण होत नाही. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंच्या जवळ घडली तरच ग्रहण लागतं. राहूनं सूर्य गिळला हे वाक्य, बिंदूचा अर्थ ठाऊक असेल तर, हिशोबाला अगदी धरून आहे.

जाता जाता: जुन्या मराठी पुस्तकांत युरेनस प्रजापती आहे आणि नेपच्यून वरुण. हिंदी पुस्तकांत युरेनस अरुण होतो. स्पर्धा परीक्षेची पोरं इथे हमखास घसरतात.

५. लाल दिसतो तो मंगळच असं नाही

एका आकाशदर्शनात पूर्वेला डोंगराच्या कडेवर लाल ठिपका दिसला. मी मोठ्या ऐटीत मंगळावर बोलले: लोहाचा गंज, दोन चंद्र, सगळं. तारे लुकलुकतात, ग्रहाचा प्रकाश स्थिर असतो, हा बघा कसा स्थिर आहे! पाऊण तासानं गर्दीतला एक जण हळूच म्हणाला, "बाई, त्यो टावरचा दिवा हाय. म्हंगाळ आतापत्तुर वर नसता का आला?"

त्याचं बरोबर होतं. आकाश तासाला पंधरा अंश सरकतं. तेव्हापासून पहिली दहा मिनिटं मी ग्रह-तारे दाखवतच नाही, मापं शिकवते. हात ताठ समोर धरला की करंगळीची रुंदी साधारण एक अंश, मूठ दहा अंश, फाकलेली वीत वीसेक अंश. चंद्र अर्ध्या अंशाचा, करंगळीआड दोन मावतील. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. चंद्राच्या कला निराळ्या, गाण्याबजावण्याची कला त्याहून निराळी.

२१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी यांच्यात जेमतेम सहा कला अंतर उरलं होतं, चंद्राच्या रुंदीचा पाचवा हिस्सा. मास्क लावलेल्या रांगेतला एक जण विचारत होता, "युती म्हणजे धडकणार का?" दुर्बिणीच्या एकाच गोलात गुरू, त्याचे चंद्र आणि कडीसकट शनी. आणि शनी तेव्हा गुरूच्या जवळजवळ दुप्पट लांब! युती दिसण्यात असते.

६. वर्षाव हा शब्द जपून वापरावा

डिसेंबरच्या तेरा-चौदा तारखेला मिथुनेतला उल्कावर्षाव असतो. एका वर्षी कुठे तरी छापून आलं की आकाशातून दिवाळी होणार. रात्री दहाला माळावर दीडशे माणसं, सतरंज्या, थर्मास, एक भेळवाला. आणि वर टिपूर चांदणं, कारण चंद्र होता. पहिल्या तासात नऊ उल्का मोजल्या. लोकांच्या मनात वर्षाव म्हणजे धो-धो. भेळवाल्याचा धंदा झाला, माझी अब्रू गेली. आता मी सांगते, मिनिटाला एक दिसली तरी नशीब समजा, आणि मानेखाली उशी घ्या.

उल्का म्हणजे तारा तुटणं नव्हे. बहुतेक वेळा वाळूच्या दाण्याएवढा कण वातावरणात घुसतो आणि ऐंशी-शंभर किलोमीटर उंचीवर पेटून संपतो. त्यातूनही जो दगड खाली पोचतो तो अशनी. धूमकेतू आणखी वेगळा. आमच्याकडे त्याला शेंडेनक्षत्र म्हणत. तो आपला रात्रंदिवस आठवडेच्या आठवडे तिथेच रेंगाळतो, झर्रकन जात नाही. मोठा अशनी पडला की काय होतं ते बघायला लांब जायला नको, बुलढाण्यात लोणार आहे: काळ्या बेसाल्टमध्ये पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर.

माझ्याकडे आजवर अकरा 'अशनी' आले. पिशवीतून, रुमालातून, एक तर हळदकुंकू वाहिलेला. नऊ भट्टीतली मळी निघाली, दोन साधे दगड.

२०२२ चा गुढीपाडवा. संध्याकाळी आठच्या सुमाराला अकोल्याहून जुन्या विद्यार्थ्याचा फोन, आवाज कापत होता. "बाई, केवढी उल्का! किती तरी वेळ जात होती." मी विचारलं, किती वेळ? "मी आईला घरातून बोलावून आणली, तरी होती." मग ती उल्का नव्हे, मी म्हटलं. उल्केचा खेळ एक-दोन सेकंदांचा, आईला हाक मारेपर्यंत संपतो. इतक्या सावकाश तुटत जातं ते माणसानंच वर पाठवलेलं काहीतरी. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. चिनी अग्निबाणाचे ते अवशेष असावेत असं जाणकारांनी पुढे सांगितलं. विद्यार्थ्यानं दुसऱ्या दिवशी परत फोन केला. मला वाटलं आभार मानायला. तो म्हणाला, "उल्काच असती तर बरं झालं असतं."

७. रेडिओ दुर्बिणीतून काही दिसत नाही

आमच्या भागात खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. कबड्डीची तीन मैदानं लांबीला लावली तरी एकीच्या व्यासात जागा उरते. चौदा मध्यभागी, बाकीच्या तीन फाट्यांनी पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून हे उभं राहिलं. टोमॅटोच्या शेतापलीकडे तारेच्या जाळीची ती प्रचंड तबकडी आभाळाकडे तोंड करून असते आणि बांधावरून शेळ्या जातात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे शाळांची झुंबड उडते. पहिल्या वर्षी पोरांना घेऊन गेले तेव्हा वाटेत सांगितलं, यातून फार लांबचं दिसतं. पोरं डोळा लावायचं भिंग शोधत राहिली. एकानं तर विचारलंही, "आणि आवाज कुठून ऐकायचा?" रेडिओ म्हटलं की आपल्याला आकाशवाणी आठवते. पण रेडिओ लहरी म्हणजे आवाज नव्हे. त्या प्रकाशाचीच भावंडं आहेत, वेगही तोच, फक्त लहरीची लांबी मोठी. डोळ्याला त्या कळत नाहीत, धूळ-ढग त्यांना फारसे अडवत नाहीत, भर दुपारीही त्या येत असतात. त्या तबकडीत गोळा होतात, त्यांचे आकडे होतात, आकड्यांवरून चित्र काढावं लागतं. म्हणूनच शहराच्या गोंगाटापासून दूर, डोंगरांच्या आडोशाला ही जागा निवडली. गोंगाट म्हणजे इथे पुन्हा रेडिओ लहरींचाच, कानांचा नव्हे. हे सांगेपर्यंत एसटीची वेळ झाली होती.

८. बारा वाजता सूर्य डोक्यावर नसतो

डोक्याच्या नेमक्या वरचा आकाशातला बिंदू म्हणजे खस्वस्तिक. शब्द ऐकून पोरं दचकतात, पण 'ख' म्हणजे आकाश एवढं सांगितलं की पुरतं. खगोलातला, खगातला तोच. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जातं, त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक गावात सूर्य वर्षातून दोन दिवस बरोबर खस्वस्तिकावर येतो. एक मे महिन्यात, दुसरा पावसाळ्यात, म्हणजे ढगांत.

शाळेला सुट्टी असते. तरी एका मेच्या मध्याला पाच पोरं आली. पाण्याच्या पाइपाचा हातभर तुकडा अंगणात उभा केला. बारा वाजले, सावली होतीच. पोरं म्हणाली, फसलं. त्यांना सांगितलं, घड्याळ आपलं नाही, ८२.५ अंश रेखावृत्तावरचं आहे, ते इथून बरंच पूर्वेला, थांबा. सव्वाबारा. सावली अंगठ्याएवढी. साडेबाराच्या सुमाराला पाइपाच्या बुडाशी ती शिरली आणि दिसेनाशी झाली. एका पोरीनं उडी मारली तर तिच्या पायाखाली, तिच्यापासून सुटी, एक काळी चकती उमटली. मग सगळीच उड्या मारत सुटली. पाय भाजत होते तरी.

९. अवकाश पुण्याच्या जरा पुढे आहे

अवकाश कुठे सुरू होतं? शंभर किलोमीटरवर, असं सर्वसाधारणपणे धरतात. नारायणगावहून पुणे पंचाहत्तर, पुढे खेड शिवापूरपर्यंत गेलात की शंभर झाले. तेवढंच, फक्त वर.

तिथे गुरुत्वाकर्षण नसतं, असं मी बरीच वर्षं शिकवलं. साफ चूक. अंतराळ स्थानक चारशे किलोमीटरवर आहे, तिथे जमिनीवरच्या नऊ दशांश गुरुत्वाकर्षण शिल्लक असतं. नाही तर ते स्थानक पृथ्वीभोवती फिरेल कशाला, निघून नाही जाणार? आतली माणसं तरंगतात कारण स्थानक आणि ती बरोबरीनं सतत खाली पडत असतात, आणि पुढे जाण्याचा वेग एवढा की जमीन लागतच नाही. जत्रेतला पाळणा वरून खाली येताना पोटात जो गोळा येतो तो त्यांना चोवीस तास. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर वहीत दुरुस्ती करून घ्यावी.

१०. प्रकाशवर्ष म्हणजे वाढदिवसाचा हिशोब

यात 'वर्ष' आहे म्हणून पोरं तो काळ समजतात. पण आम्ही नाही तरी अंतर काळातच सांगतो: जुन्नर अर्धा तास, पुणे दोन तास. गाडी ठरलेली असली की पुरतं. प्रकाशाची गाडी सेकंदाला तीन लाख किलोमीटर. चंद्र सव्वा सेकंद, सूर्य आठ मिनिटं वीस सेकंद. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर, हा आकडा मी परीक्षेपुरता ठेवते.

त्यापेक्षा मुलांना त्यांचा तारा काढून देते. तिसरी-चौथीच्या पोराला व्याध, साडेआठ प्रकाशवर्षांहून थोडा पुढे: आज दिसतो तो उजेड निघाला तेव्हा हे पोर रांगतही नव्हतं. सतराव्या वर्षाला श्रवण. पंचविशीच्या नव्या शिक्षिकेला अभिजित. सदतिशीला स्वाती. एकीच्या आजीला काही सापडेना, तिच्या वयाचा आकडाच घरात कुणाला ठाऊक नव्हता. ती म्हणाली, "मला कृत्तिका दे." कृत्तिका साडेचारशे प्रकाशवर्षांच्या घरात आहेत. दिल्या.

माझ्या वाट्याला रोहिणी, पासष्ट प्रकाशवर्षं. २०२५ च्या जानेवारीत मला पासष्ट पूर्ण झाली. त्या संध्याकाळी शाल घेऊन गच्चीवर गेले, तर आभाळ भरलेलं. दुसऱ्या दिवशी गेले. कृत्तिकांच्या खाली, जरा पूर्वेला, तांबूस. नातवानं विचारलं, हा टॉवरचा दिवा नाही ना? पाऊण तास थांबून खात्री करून घेतली.